विहिरींच्या पाण्याचा डेटा: कुणाला आधी, जगाला कधी

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं पीएचडीचं काम हिरण्यकेशीच्या काठावरच्या विहिरींवर आहे. आंबोलीहून निघालेली नदी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वराकडे उतरते. त्या पट्ट्यातल्या कर्नाटकच्या बाजूच्या विहिरींतलं नायट्रेट, विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती वाहते, यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) आणि पाण्याची पातळी तुम्ही तीन वर्षं मोजताय. नमुने भरायला हायस्कूलचे दोन शिक्षक आणि गावातले काही शेतकरी मदतीला आहेत. गडहिंग्लजकडच्या एका गटाकडे वरच्या अंगाचा डेटा आहे, ते म्हणतात दोन्ही एकत्र करू. गाईडचं म्हणणं, पेपर छापून येईपर्यंत एक आकडाही बाहेर जाता कामा नये. शेतकरी वाटेत गाठून विचारतात, "आमच्या विहिरीचं काय निघालं?" आणि तुम्ही विचारताय: डेटा खुला करावा का, आणि केला तर कुणी ढापणार नाही ना?

ढापण्याच्या भीतीवर येतेच, पण यातला तो सगळ्यात लहान भाग आहे. उघडं ठेवू की कुलपात, असा प्रश्न तुम्ही घातलाय. मला विचाराल तर घोडं अडतं ते क्रमावर. विहिरीच्या मालकाला त्याचा आकडा लगेच मिळायला हवा. गडहिंग्लजच्या गटाशी आधी पद्धत जुळायला हवी, आकड्यांची देवाणघेवाण मागाहून. बाकी जगाला सगळं द्या, पण शेवटी आणि कुणाचं घर ओळखू येणार नाही अशा रूपात. तुमचे गाईड या शेवटच्या पायरीबद्दल बोलतायत, शेतकरी पहिल्या. म्हणून दोघांत ओढाताण दिसते. प्रत्यक्षात दोघांचंही बरोबर असू शकतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच तपासायच्या. कामाला पैसा कुणाचा आहे? केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान किंवा जैवतंत्रज्ञान विभागाचा असेल, तर त्यांच्या अनुदानातून निघालेले पेपर खुल्या भांडारात ठेवावेत असं धोरण २०१४ पासून आहे. खासगी कंपनीचा किंवा कारखान्याचा असेल तर करारात डेटाबद्दल एखादं कलम बहुतेक असतंच. ते वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. विद्यापीठाचा नियम वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुना घेताना शेतकऱ्याला तुम्ही काय सांगितलं होतं? "फक्त अभ्यासासाठी" असं म्हणून बादली सोडली असेल, तर ते आकडे इंटरनेटवर टाकण्याआधी पुन्हा दारात जाऊन विचारावं लागेल. यातून पळवाट नाही.

मी बेळगाव, खानापूर आणि घाटमाथ्याकडे चंदगडच्या बाजूला पाणी तपासणीचं काम बरीच वर्षं करते, कधी कॉलेजच्या मुलांबरोबर, कधी पंचायतीच्या सांगण्यावरून. खाली लिहिलंय ते त्या कामातून आलेलं आहे. प्रयोगशाळा मोठी असेल, माणसं पगारी असतील, तर काही गोष्टी वेगळ्या होतील.

विहीरवाल्यांपासून सुरू करू. तुमच्या पट्ट्यात ऊस आहे, उसाला युरिया आहे, खाली बेसॉल्टच्या भेगांतून पाणी झिरपतं, आणि कितीतरी विहिरींपासून हाकेच्या अंतरावर उकिरडा नाहीतर शोषखड्डा असतो. काही विहिरींत नायट्रेट जास्त निघालं तर त्यात नवल नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. टीडीएसला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना, ५०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० असे दोन आकडे आहेत. नायट्रेटला अशी सवलत नाही.

एखाद्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या वर गेला तर आठवड्याच्या आत पुन्हा नमुना घ्या, आणि दुसऱ्यांदाही तेच निघालं की मालकाला लगोलग सांगा. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर दुसऱ्या नमुन्याचीही वाट पाहू नका. सहा महिन्यांखालच्या अशा बाळांना हे पाणी बाधतं, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, अंग निळसर पडू शकतं. आणि आपल्याकडे "पाणी खराब आहे" म्हटलं की घरोघर पहिलं पातेलं चुलीवर चढतं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी जितकं आटेल तितकं त्याचं प्रमाण वाढतंच. म्हणून नुसता आकडा देऊन भागत नाही, त्याचा अर्थही सांगावा लागतो. मी हाताएवढी चिठ्ठी देते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मजकूर साधारण असा: "विहीर सं-१४. नमुना १२ मे, सकाळी. नायट्रेट ६८. पिण्यासाठी मर्यादा ४५. लहान बाळाचं दूध या पाण्यात करू नका. उकळून फरक पडत नाही. शेताला वापरायला हरकत नाही."

त्या शेवटच्या वाक्यापाशी शेतकरी थांबतो, आणि तिथेच तुम्हाला त्याच्या कामाचं काहीतरी देता येतं. ६८ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे लिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅम नत्र. एका एकरावर १० सेंटिमीटर पाणी दिलं तर ते चार लाख लिटरच्या आसपास जातं. त्यातून सहा किलोच्या घरात नत्र शेतात पडतं, म्हणजे जवळपास १३ किलो युरियातलं नत्र. खताचा हिशेब करताना हे धरा, एवढं सांगितलं की पुढच्या महिन्याला नमुना घ्यायला गेल्यावर बादली-दोर तयार असतो. लोकसहभाग म्हणून जे काय म्हणतात ते माझ्या मते इथून सुरू होतं. कार्यशाळा आणि बॅनर नंतर लावले तरी चालतात.

चिठ्ठी ज्याची त्याच्या हातात द्यायची. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकायची नाही, कितीही जणांनी मागितली तरी. विहीर सार्वजनिक असेल तर मात्र इकडे कर्नाटकात पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, आणि तिकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी कळवा, पोच घ्या.

आता गाईडची शंका: यामुळे पेपर अडेल का? मालकाला त्याच्या स्वतःच्या विहिरीचा निकाल कळवणं म्हणजे संशोधन प्रसिद्ध करणं नव्हे. एवढ्यावरून कुणाचा पेपर परत आल्याचं मी पाहिलेलं नाही. तुमचं संशोधन त्या एका आकड्यात नाही. ते तीन वर्षांच्या क्रमात, विहिरींच्या तुलनेत आणि कारणांच्या मांडणीत आहे.

आता गडहिंग्लजचा गट. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सहकार्य बिघडतं ते हेतूंमुळे क्वचित, तक्त्याच्या शीर्षकामुळे जास्त.

पहिली ठेच नायट्रेटलाच लागते. काही प्रयोगशाळा नायट्रेट हे नायट्रेट म्हणूनच कळवतात, काही त्यातलं फक्त नत्र कळवतात. दोन्हींच्या अहवालात लिहिलेलं असतं नुसतं "नायट्रेट, मि.ग्रॅ./लि." दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे. एका पद्धतीतले ४५ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतले जेमतेम १०. हे न विचारता दोन फाइली एकाखाली एक चिकटवल्या तर नदीच्या एका बाजूचं पाणी दुसऱ्यापेक्षा चौपट स्वच्छ दिसेल. आणि आपल्याकडे बाजू म्हणजे राज्य. असा तक्ता बाहेर पडला की दुसऱ्या दिवशी त्याचा सीमाप्रश्न होतो, मग तुम्ही खुलासे करत बसा, कुणी वाचत नाही. एकक लिहिलेलं नसलेला आकडा म्हणजे पाकिटावर नाव न घातलेला आहेर. आत काहीतरी आहे, पण कुणाच्या खात्यावर मांडायचं ते कळत नाही.

याच कारणासाठी माझा एक आग्रह आहे, आणि तो काहींना पटत नाही: एकत्रित फाइलमध्ये राज्याचा स्तंभ ठेवा, पण राज्यवार सरासरी काढू नका. तुमच्या विहिरी आणि त्यांच्या विहिरी एकाच आराखड्याने निवडलेल्या नाहीत. तुम्ही नदीकाठच्या घेतल्यात, त्यांनी कदाचित गावठाणातल्या. नदीपासूनचं अंतर, विहिरीची खोली, आसपासचं पीक, उकिरडा किती जवळ, हे स्तंभ पाण्याबद्दल काही सांगतात. राज्याची हद्द पाण्याला माहीत नाही, आणि जो फरक दिसेल तो बहुतेक निवडीचाच असेल.

विद्युतवाहकतेचं तसंच. तापमान एक अंशाने वाढलं की ती साधारण दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून वाचन २५ अंशांवर आणून लिहायचा रिवाज आहे. तुमचं यंत्र ते आपोआप करतं का, त्यांचं करतं का, हे दोघांनी पाहायला हवं. आणि दर फेरीआधी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात यंत्र तपासून काय वाचन आलं ते लिहिलेलं असायला हवं. बहुतेकांच्या वहीत हे असतं, फाइलमध्ये नसतं. दुसऱ्याला तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला हाच कागद लागतो, आणि नेमका तोच मागे राहतो.

मग शून्य. विहीर कोरडी होती म्हणून नमुना नाही, मालक गावाला गेला होता म्हणून नाही, बाटली वाटेत फुटली म्हणून नाही, आणि नमुना तपासला पण यंत्राला कळण्याइतकं नायट्रेट त्यात नव्हतं. या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही ठिकाणी लोक ० टाकतात, नाहीतर जागा मोकळी सोडतात. मोकळ्या जागेसाठी "का नाही" असा वेगळा स्तंभ करा. यंत्राच्या मर्यादेखाली असेल तर "०.५ पेक्षा कमी" असं मर्यादेसकट लिहा. एप्रिलमध्ये कोरड्या पडलेल्या विहिरी शून्य नायट्रेटच्या म्हणून सरासरीत गेल्या, तर उन्हाळ्यात पाणी सुधारतं असा निष्कर्ष निघेल.

तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच लिहा. ०३/०७ ही तारीख एका लॅपटॉपवर ३ जुलै असते आणि दुसऱ्यावर ७ मार्च, आणि एक्सेल तुम्हाला न विचारता ठरवतं. पावसाची आकडेवारी जोडणार असाल तर आणखी एक खाच आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १२ जुलैच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस १३ तारखेच्या नावावर लिहिला जातो. तुमचा शेतकरी मित्र घरच्या पर्जन्यमापकाचं वाचन १२ लाच टाकत असेल, तर दोन नोंदी एक दिवसाने सरकतात, आणि आलेखात विहीर आधी भरते, पाऊस मागून पडतो. कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं आहेत, महाराष्ट्रात महावेध या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं. कुठूनही आकडे घ्या, पण त्यांचा दिवस कधी सुरू होतो ते आधी विचारून घ्या.

गावांच्या नावांवर फार वेळ घालवू नका, सरकारी गावसंकेत वापरा. जनगणनेचा सहा आकडी संकेत दोन्ही राज्यांत चालतो. आमच्या बेळगाव तालुक्यातच सुळगा दोन आहेत, एक हिंडलग्याकडचं, एक येळ्ळूरकडचं. नावावरून फाइली जोडल्या तर दोन्हींचं पाणी एक होतं. पंचायतीकडून आलेली जुनी कन्नड फाइल नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. मराठीच्या जुन्या डीटीपी फाँटचंही तेच.

हे सगळं कागदावर जुळलं तरी एक काम करा. दोन्ही गटांनी एका सकाळी एका ठिकाणी भेटा, दोन-तीन विहिरी निवडा, एकाच बादलीतलं पाणी जोडीजोडीने बाटल्यांत भरा. एक बाटली तुमच्या प्रयोगशाळेला, एक त्यांच्या. बाटलीवर फक्त सांकेतिक क्रमांक, कुठल्या विहिरीची ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. बाटल्या बर्फात ठेवायच्या आणि नायट्रेट ४८ तासांच्या आत तपासायचं. वडाप जीपमध्ये मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन बसलेली मुलं मी बघितली आहेत, तेही चालतं, बर्फ वितळू नये एवढंच. दोन्हींचे निकाल जवळपास आले तर तुमचं सहकार्य खरं सुरू झालं. नाही आले, तर का नाही हे शोधण्यात जे शिकाल ते एखाद्या पेपरपेक्षा कमी नाही. काहीही झालं तरी ते आकडे लपवू नका, एकत्रित डेटाबरोबर तेही ठेवा.

इथवरचं थोडक्यात: मालकाला चिठ्ठी आत्ता. गटाला आधी एककं, पद्धत आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे प्रमाणित द्रावणात यंत्र तपासल्याच्या नोंदी, मग एकाच बादलीच्या नमुन्यांची परीक्षा, मग आकडे. यातल्या कशालाही पेपर छापून येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि गाईडनी हरकत घ्यावी असंही त्यात काही नाही.

आता उरलं जग. इथे मी तुमच्या गाईडची बाजू थोडी घेते. चोरी होतच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मोठ्या संस्थेतल्या माणसाला तुमच्या तीन वर्षांच्या आकड्यांवर तीन आठवड्यांत पेपर लिहिता येतो, आणि लहान ठिकाणच्या विद्यार्थ्याकडे भांडायला ना वेळ ना वजन. पण त्यावरचा उपाय कुलूप नाही, तारखेचा शिक्का आहे. सर्न या युरोपीय संस्थेने २०१३ पासून चालवलेलं झेनोडो हे भांडार फुकट आहे. तिथे फाइल चढवली की तिला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. फाइली ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवून फक्त वर्णन जाहीर करता येतं: कुठल्या खोऱ्यातल्या विहिरी, कोणती वर्षं, काय मोजलं, कुणी मोजलं. म्हणजे आकडे तुमच्यापाशीच राहतात, पण काम कुणाचं आणि कधीचं याचा पुरावा सार्वजनिक होतो. पुढे दुरुस्ती झाली तर नवी आवृत्ती चढवता येते, जुनीही तिथेच दिसत राहते. पेपर स्वीकारला गेला की कुलूप काढायचं.

शिवाय हे लक्षात घ्या की तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात, जाणारच आहे. परिशिष्टातले तक्ते पीडीएफमध्ये तिथे पडून राहतील, ज्यांतून कुणालाही सरळ हिशेब करता येणार नाही, आणि ज्याला ढापायचेच आहेत तो बसून टाइप करेल. बंद ठेवल्याने संरक्षण मिळतं हा समज इथे फोल ठरतो. वापरता न येणारा डेटा तेवढा मागे उरतो.

खरं सांगायचं तर तुमच्याशिवाय त्या आकड्यांचा उपयोग करणं परक्याला अवघडच आहे. कुठल्या विहिरीचा गाळ मागच्या उन्हाळ्यात काढला, कुठल्या विहिरीत मालक बोअरचं पाणी सोडतो, २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात कुठल्या विहिरींत नदीचं पाणी शिरलं होतं, हे तुम्हाला आणि त्या दोन शिक्षकांना माहीत. ते एका साध्या टिपणात लिहून डेटासोबत ठेवा. काहींना वाटतं की असं लिहिलं तर आपलं शस्त्रच दुसऱ्याच्या हाती जाईल. मला उलट दिसलंय. टिपण चांगलं असलं की समोरचा माणूस शंका विचारायला तुम्हालाच ईमेल करतो, आणि निम्म्या वेळा त्यातून सहलेखन ठरतं. २०१६ मध्ये मांडलेली 'फेअर' तत्त्वं हेच म्हणतात: डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्याशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. "सगळं फुकट वाटा" असं त्यात कुठेही नाही. अटी घालूनही डेटा या चारही कसोट्यांना उतरू शकतो.

परवाना म्हणाल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय ४.० घ्या. वापरा, पण नाव द्या, एवढीच अट. "व्यावसायिक वापर नाही" हे कलम घालायचा मोह होतो, विशेषतः बाटलीबंद पाण्याच्या कंपन्या डोळ्यांसमोर आल्या की. पण त्या कलमामुळे वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक आणि सल्लागार संस्थाही बिचकतात, विकिपीडियाला तर ते चालतच नाही. ज्या कंपनीला तुमचे आकडे हवेत ती एवढ्याने थांबत नाही.

पत्त्यांचा विषय मात्र कडक ठेवा. नाव आणि मोबाइल नंबर काढला की झालं असं बरेच जण धरून चालतात. तुम्ही विहिरीचे अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत दिलेत, म्हणजे दहा-अकरा मीटरपर्यंत. कुणीही कर्नाटक सरकारचं दिशांक अॅप उघडून त्या बिंदूचा सर्व्हे नंबर बघतो, भूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकतो आणि उताऱ्यावर मालकाचं नाव वाचतो. नाव तुम्ही काढलंत, सरकारने परत दिलं. "नायट्रेटवाली विहीर" असा शिक्का बसलेली जमीन उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक भाव पाडून मागणारच. म्हणून सार्वजनिक फाइलमध्ये दोन दशांशच ठेवा, म्हणजे साधारण एक किलोमीटरचा धूसरपणा येतो. नदीपासूनचं अंतर आणि खडकाचा प्रकार वेगळ्या स्तंभांत द्या, म्हणजे अभ्यास अडत नाही. नेमकी ठिकाणं वेगळ्या फाइलमध्ये, गडहिंग्लजच्या गटाला लेखी अटीवर. चिठ्ठीसोबत विहिरीचा फोटो दिलात आणि तोच फोटो डेटासोबतही टाकलात तर त्या फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसने नोंदलेलं ठिकाण दडलेलं असू शकतं, हे विसरू नका.

हा प्रकार फक्त विहिरींचा नाही. लोक प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची ठिकाणं मुद्दाम धूसर दाखवतात. खानापूरच्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांचा पत्ता जगजाहीर आहे, ते आता झाकून उपयोग नाही. पण नवी गुहा सापडली तर तिचं नेमकं ठिकाण कुणी शहाणा माणूस नकाशावर टाकणार नाही. युनेस्कोच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये खुल्या विज्ञानाची जी शिफारस स्वीकारली, तिच्यातही माणसांची गोपनीयता आणि धोक्यातल्या प्रजाती यांच्यासाठी डेटा राखून ठेवायला जागा आहे.

श्रेयाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भांडणं बहुतेक तिथेच होतात, म्हणून लिहिते. गडहिंग्लजच्या गटाबरोबर आकडे एकत्र करण्याआधी एक पानाचं टिपण करा: कोण कशासाठी डेटा वापरू शकतो, पहिला पेपर कुणाचा, कुणी मधेच सोडून गेलं तर त्याच्या आकड्यांचं काय. वकील लागत नाही, दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. पेपरमध्ये कुणी काय केलं हे लिहायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे, बरीच नियतकालिकं ती मागतात. त्यात नमुने गोळा करणं आणि डेटा नीट लावणं याही भूमिका धरल्या जातात. ते दोन शिक्षक दर महिन्याला पावसात, उन्हात विहिरींवर गेलेत. शेवटी आभारात "स्थानिकांच्या सहकार्याने" अशी एक ओळ टाकणं मला कंजूषपणा वाटतो. त्यांना मसुदा वाचायला द्या, त्यांची दुरुस्ती घ्या, आणि लेखक म्हणून नाव द्यायची तयारी दाखवा. त्यांनी नको म्हटलं तर गोष्ट वेगळी. शेतकऱ्यांची नावं विहिरींशी जोडली जाणार नाहीत अशा पद्धतीने, त्यांना विचारून, आभारात घ्या.

आता गाईडकडे कसं जायचं. "डेटा खुला करू का?" असं विचारलंत तर उत्तर नाही असंच येईल, आणि त्यांच्या जागी मीही कदाचित तेच म्हटलं असतं. तीन परवानग्या वेगवेगळ्या मागा. मालकांना चिठ्ठी देऊ का? गडहिंग्लजच्या गटाबरोबर पद्धतीचं टिपण आणि एकाच बादलीचे नमुने करू का? झेनोडोवर फाइली बंद ठेवून फक्त वर्णन नोंदवू का? पहिल्या दोन मिळतील असं मला वाटतं. तिसरीला वेळ लागला तर लागू द्या, प्रबंध सादर होईपर्यंत थांबलात तरी फार बिघडत नाही.

दरम्यान वहीतल्या कॅलिब्रेशनच्या नोंदी टाइप करायला घ्या. तीन वर्षांच्या आहेत, वेळ खाणार. शाई पसरलेली पानं असतील तर त्यांचे फोटोही काढून ठेवा. तक्त्याची पहिली ओळ, म्हणजे नुसती स्तंभांची शीर्षकं, इथे टाकलीत तर बघून सांगेन. आकडे टाकू नका.